मुठेलातली सवत

सुई टोचण्याआधी सुगंधा पालव नेहमी ओवी गुणगुणायची. सकाळी न्याहारीआधी एकदा आणि दिवेलागणीला जेवणाआधी एकदा. विश्राम पडवीतल्या बाकड्यावर बसून सदरा वर करायचा आणि तोंड भिंतीकडे फिरवायचा. ती त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरायची, कालची जागा चुकवून आजची जागा शोधायची आणि लहान मुलाला झोपवावं तशा आवाजात म्हणायची,

सुईच्या गं टोकावरी माझा जीव टांगियेला,
तुझ्या दुखण्याचा काटा माझ्या बोटा लागियेला.

दुसरी ओळ संपायच्या आत सुई जाऊन आलेली असायची. मग ती तळहाताने ती जागा चोळायची, जरा जास्तच वेळ.

लग्नाला वर्ष होतं न होतं तोच विश्रामाला साखरेचा आजार जडला. त्याचं शरीर इन्सुलिनचा एक थेंबही बनवत नव्हतं. विश्राम दशावतारी कंपनीत पेटी वाजवायचा. तीन सप्तकांत हरणासारखी पळणारी त्याची बोटं सुई धरली की झाडाच्या पानासारखी थरथरायची. डॉक्टरांनी शिकवून पाहिलं, तो दोनदा चक्कर येऊन पडला. शेवटी सुगंधेनेच सुई हाती घेतली. विश्रामाची कंपनी सुटली, पेटीवर कापड पडलं. सुगंधेचं माहेर देवगडच्या बाजूला. तिथे जायचं तर सकाळची सुई देऊन निघायचं आणि तिन्हीसांजेच्या सुईआधी परतायचं. भाचीच्या लग्नात तिने हळद पाहिली, अक्षता काही टाकल्या नाहीत.

लोक म्हणायचे, बिचारी बांधली गेली. सुगंधा मान हलवायची आणि मनात हसायची. आंबेखोल गावातल्या कुठल्या बाईचा नवरा दिवसातून दोनदा, लख्ख उजेडात, सगळी कामं सोडून तिच्या पुढ्यात असा गप्प बसत होता? बांधली गेली होती खरी, पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं ते लोकांना दिसत नव्हतं.

मग कोकमाची गोळी आली.

कर्लीच्या खाडीकाठच्या चार गावांत तिची चाचणी होणार होती. उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका उर्मिला माने मूळच्या कराडच्या. पस्तिशीच्या, ठसठशीत, बोलायला मोकळ्या. त्यांनी पेशंटांबरोबर गावातल्या बायकांनाही बोलावलं, कारण गोळीसाठी लागणारं मुठेल याच बायका बनवत होत्या. कोकमाच्या बिया कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर तरंगलेलं तेल काढून निवू द्यायचं आणि घट्ट होता होता मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे. आजवर ते फुटलेल्या टाचांना लावायचं, आता ते औषधाला निघालं होतं.

मानेबाईंनी एका पेल्यात अंड्याचा पांढरा बलक घेतला आणि त्यात लिंबू पिळलं. बलक दुधासारखा फाटला.

"इन्सुलिन हे असंच, प्रथिन," त्या म्हणाल्या. "तोंडानं घेतलं की पोटातलं आम्ल त्याला असं फाडतं आणि पचवून टाकतं. म्हणून इतकी वर्षं सुई. आता काय केलंय, इन्सुलिनला मुठेलाच्या कणात लपवलंय. कण केवढा? तुमच्या एका केसाच्या जाडीवर चारशे कण ओळीनं बसतील एवढा. पोटातल्या आम्लाला आतलं काही दिसतच नाही. आतड्यात गेल्यावर हे कण जेवणातल्या तेलातुपात मिसळतात आणि आतडं त्यांना अन्न समजून आत घेतं."

"आणि मगे रक्तात?" कोणीतरी विचारलं.

"थेट नाही. स्निग्ध पदार्थांची वाट वेगळी असते. दुधासारखा पांढरा रस वाहणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या आडवाटेनं ते वर चढतं आणि मानेपाशी रक्तात उतरतं. तेलतूप ही या औषधाची होडी समजा. होडी जेवढी मोठी, तेवढा माल पलीकडे. म्हणून गोळीबरोबर स्निग्ध मोजूनच खायचं. एक सपाट चमचा. त्याच मापानं गोळी बांधलीय."

सुगंधेने होडीपर्यंतचं सगळं ऐकलं. पुढचं ऐकू आलं नाही, कारण तोवर मानेबाईंनी विश्रामाचा दंड हातात घेतला होता. रक्तातली साखर सांगणारी रुपयाएवढी टिकली त्या त्याच्या दंडावर चिकटवत होत्या, आणि विश्राम त्यांच्याकडे बघत होता. भिंतीकडे नव्हे.

पहिला महिनाभर गोळी मानेबाईंच्या समोरच घ्यायची होती, त्यांनी मोजून शिजवलेल्या पेजेबरोबर. विश्राम सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून निघायला लागला. संध्याकाळीही तेच. शेजारच्या आनशीकाकीने कुंपणावरून खडा टाकलाच.

"काय गो सुगंधा, तुझो घोव हल्ली इस्त्री मारून खंय जाता? औषधाक की लग्नाक?"

"लग्नाक," सुगंधा म्हणाली. "येतंस काय अक्षता टाकूक?"

आनशीकाकी हसली. सुगंधा हसली नाही.

विश्राम परत यायचा तो गोष्टी घेऊनच. मानेबाई असं म्हणाल्या, मानेबाईंनी तसं केलं. एकदा पायरीवर चपला काढता काढता म्हणाला, "पेज म्हणजे काय सांगू गो तुका! दाणो दाणो मोकळो."

"होय तर. तिचो हात सोन्याचो, आमचो मातयेचो."

"तसा नाय गो…"

"मगे कसा?"

विश्रामाने विषय बदलला. बदलला तोही अवघड जागीच. "आता तुका माझ्यापायी अडकान रवूची गरज नाय. माहेराक जाऊन ये. म्हयनोभर रव खुशाल."

त्याला वाटलं, आपण तिला मोकळं करतोय. तिला वाटलं, घरातली जुनी वस्तू बाहेर ठेवावी तसं आपल्याला कोणी उचलून ओसरीवर ठेवलं. रिकामी सुईपेटी फडताळात होती. ती रोज पुसायची, आत काही नसताना.

एका सकाळी तो मफलर विसरून गेला. थंडीचे दिवस, खाडीवरून वारं बोचत होतं. ती मफलर घेऊन उपकेंद्रापाशी पोचली तर आतून पेटीचे सूर येत होते. त्यांचीच पेटी. कधी उचलून नेली होती कोण जाणे. घरात इतकी वर्षं कापडाखाली मुकी बसलेली ती पेटी इथे परक्या अंगणात खळखळून बोलत होती. सूर थांबले आणि विश्रामाचा आवाज आला, पेशंट मंडळींना रंगवून सांगत होता.

"आमच्या हिच्या बांगड्या माजघरात वाजल्या की माझं पोट इकडे पडवीत आपोआप आत जायचं! सुई अजून पेटीत, आणि पोट पाठीला!"

सगळे खो खो हसले. मानेबाईंचं हसणं सगळ्यांत वर होतं.

सुगंधेने मफलर दाराच्या कडीला अडकवला आणि तशीच मागे फिरली. वाटेत तिच्या ओठांवर ओवी आली, पण ती कडू होती.

माझ्या मुठीतलं तेल गेलं परक्याच्या घरा,
सवत होऊन आलं माझ्या फिरून गं दारा.

महिना संपला. विश्राम पेटी आणि गोळ्यांची डबी घेऊन घरी आला आणि खिशातून एक स्टीलचा छोटा चमचा काढला, देवाचा प्रसाद काढावा तसा.

"मानेबाईंनी दिलो. ह्या मापान तूप. एक सपाट. जास्त नको, कमी नको."

"माझ्या जेवणाक तिचा माप?"

"औषधाचा माप, सुगंधा."

"ठेवा थंय."

दुसऱ्या दिवशी तिने पहाटेच बिया कुटायला घेतल्या होत्या. मुठेल उकळून निवत होतं. तो चमचा समोर शेल्फावर चमकत होता. तिने तो उचलला, कोमट मुठेलात धरला आणि मूठभर मुठेल त्याच्याभोवती दाबत गेली. दाबत गेली तोवर चमचा दिसेनासा झाला. गोळा इतर गोळ्यांत मांडून ठेवला, सगळ्यांसारखाच, पांढरा, गुळगुळीत. मग तिने दोन नारळ फोडले.

त्या दिवशी ती रांधत होती तशी नवी नवरीही रांधत नसेल. वडे फुगून कढईभर तरंगले. कोंबडीच्या सागोतीला वाटण घातलं, वर नारळाचं घट्ट दूध ओतलं. काजूची उसळ खोबऱ्याने दाटली. सोलकढीवर दुधाची साय आली. एवढ्या घमघमाटापुढे कराडची पेज काय टिकणार होती?

विश्राम ताटावर बसला, गोळी तोंडात टाकली आणि थबकला. "चमचो खंय आसा?"

"सगळ्यात मोजून घातलंय. जेवा तुमी."

तो जेवला. बोटं चाटून जेवला. "असा जेवान म्हयन्याभरात नाय जेवलंय," असं म्हणाला तेव्हा तिला महिनाभराची थंडी एकदम उतरल्यासारखी वाटली. आणखी दोन वडे वाढले. त्याने नको म्हटलं, पण खाल्ले. मग तो पेटी घेऊन पडवीत बसला. घरी, तिच्या घरी, कितीतरी वर्षांनी. ती मागीलदारी भांडी घासत ऐकत राहिली. हरणं परत आली होती.

मग एक सूर लांबला. पुढचा आलाच नाही. तो एकटाच सूर बारीक होत गेला, भाता बसत गेला आणि पेटी विझली.

ती धावली. विश्राम पेटीवर कलला होता. मानेला हात लावला तर गार घाम. साखर उतरली की त्याला तसा घाम यायचा, तिला तो ओळखता येत होता, पण इतका कधी पाहिला नव्हता. तिने साखरेचं पाणी केलं, घोट घोट पाजलं. तो डोळे उघडून "काय झाला?" म्हणाला. तिने श्वास सोडला आणि तेवढ्यात तो पुन्हा घसरला.

बाहेर स्कूटर थांबली. त्याच्या दंडावरच्या टिकलीने उपकेंद्रातला फोन वाजवला होता. मानेबाई चपला न काढताच आत आल्या. त्यांनी त्याच्या नाकात औषधाचा फवारा मारला, गालाच्या आत साखरेची जेली चोळली, मांडी घालून शेजारी बसल्या आणि फोनवरचा आकडा चढायची वाट पाहू लागल्या. आकडा चढला, थोडा उतरला, पुन्हा चढला.

"संध्याकाळपर्यंत उठायचं नाही इथून," त्या म्हणाल्या. "औषध अजून आत उतरतंय. काकू, काय जेवले हे?"

भांडी घासून झाली होती. सागोतीचं पातेलं मागे पालथं पडलं होतं. सुगंधेची जीभ तिच्याआधी हलली.

"नेहमीचाच. पेज नि भाजी. चमचो मोजून तूप."

"नक्की?"

"नक्की."

मानेबाईंनी नाक वर करून हुंगलं. "वास तर वेगळाच येतोय घरात."

"शेजारच्या घरातून."

"बरं." त्यांनी फोन हातात घेतला. चेहरा उतरला होता. "मग दोष गोळीत आहे. एवढ्याशा तुपावर एवढं औषध आत जात असेल तर उद्या कोणाचा जीव जाईल. आत्ताच कळवावं लागणार. चारही गावांतल्या गोळ्या आज बंद होतील, चाचणीच थांबेल. आणि पालवकाकांना पुन्हा सुई."

पुन्हा सुई. सुगंधेच्या आत कोणीतरी हळूच दिवा लावला. तिला त्याची लाज वाटली तरी तिने तो विझवला नाही. फडताळातली सुईपेटी, बाकडं, सकाळ, दिवेलागण, चिमटीतली कातडी. सगळं परत. एक शब्द न बोलता. बोलायचं नाही, एवढंच करायचं होतं.

मानेबाई विश्रामाकडे वळल्या. तो आता जागा होता, डोळे स्वच्छ होते. "काका, तुम्ही सांगा. काय जेवलात?"

विश्रामाने सुगंधेकडे बघितलं. त्याच्या उजव्या हाताची बोटं सागोतीच्या रशाने अजून पिवळी होती. तिने ती पाहिली. त्यानेही पाहिली. हळूच, कोणाला कळणार नाही असं, त्याने मूठ मिटली.

"पेज," तो म्हणाला. "पेज नि भाजी."

"चमच्यानं?"

"चमच्यान."

"मग सुई घ्यावी लागेल हो, काका. कायमची."

"चालात." त्याने पांघरूण छातीपर्यंत ओढलं. "ही टोचता बरां. दुखत नाय." असं म्हणून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

सुगंधा पाण्याचा तांब्या घ्यायला वाकली. बांगड्या किणकिणल्या आणि तिने पाहिलं, पांघरुणाखाली त्याचं पोट आक्रसून आत गेलं. सुई नव्हती, सुईपेटी नव्हती, ओवी नव्हती. नुसत्या बांगड्या.

म्हणजे उपकेंद्रात तो थट्टा करत नव्हता. ती दिवसातून दोनदा नटून सोहळ्याला यावं तशी त्या पडवीत यायची, आणि तो दिवसातून दोनदा कसाईखान्यात बसावं तसा बसायचा. इतकी वर्षं. आणि कधी म्हणाला नाही. तिला वाटायचं तो लाजून भिंतीकडे बघतो.

आणि आज, कोणा परक्या बाईपुढे बायको खोटी पडू नये म्हणून, त्या माणसाने ती सुई पुन्हा मरेपर्यंत मागून घेतली होती. मूठ मिटून. तिला ज्याची शंका होती त्या सगळ्याचं उत्तर त्या मिटलेल्या मुठीत होतं. तिने आजवर मुठेलाचे एवढे गोळे वळले, पण अशी मूठ पाहिली नव्हती.

"बाई, कळवू नकात."

मानेबाईंचं बोट फोनवर थांबलं.

"खोटां बोललंय मी. वडे केलेलंय. सागोती, दोन नारळांच्या रसातली. काजूची उसळ. सोलकढी. सगळा खायला घातलंय, वर आग्रह करून घातलंय. तेनी विचारल्यानी चमचो खंय, तर मोजून घातलंय म्हणान सांगितलंय."

विश्राम भिंतीकडूनच म्हणाला, "सुगंधा, गप."

"तुमी गप ऱ्हवा आता."

ती स्वयंपाकघरात गेली, मांडलेल्या गोळ्यांतला एक उचलला आणि पाट्यावर आपटला. मुठेल दुभंगलं. आत चमचा होता, थंड आणि कोरा. तिने तो मानेबाईंच्या पुढ्यात ठेवला.

मानेबाई चमच्याकडे बघत राहिल्या. रागाने त्यांच्या नाकपुड्या फुलल्या. "मारलं असतंत तुम्ही त्यांना. कळतंय का? एवढ्या तेलानं औषध धावत आत गेलं, आणि तेलानंच जेवण पोटात अडवून धरलं, साखर वेळेवर सुटली नाही. मोठी होडी म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"होय."

"मग का?"

सुगंधेने पदर मुठीत धरला. शेवटी सांगितलं. "म्हयनोभर तुमी माझ्या घोवाक जेवक घातलास."

मानेबाईंना समजायला क्षण लागला. मग त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो काकू! गावच्या अख्ख्या पेशंटांना मी पेज घालते. माझा स्वतःचा नवरा कराडला खानावळीत जेवतोय, ते बघा आधी!"

पांघरुणाखालून हुंदका आला की हसू, कळलं नाही. हसूच होतं. पेटी वाजवणारा माणूस पोट धरून हसत होता, आणि सुगंधा रडत होती, आणि मानेबाई दोघांवर ओरडत होत्या की हसू नका, आकडा नीट दिसत नाही.

ऊन उतरलं तसा आकडा स्थिरावला. मानेबाईंनी जे घडलं ते तसंच कळवलं, वड्यांसकट. गोळी सुरू राहणार होती. रात्रीच्या गोळीचं माप मात्र त्यांनी निम्मं केलं आणि पेजेत तूप घालायला सुगंधेकडे चमचा देऊन, जरा वेळ तो हातातून न सोडता, त्या तिच्याकडे रोखून बघत राहिल्या. मग सोडला.

दिवेलागणीला सुगंधेने पेज केली. दाणा मोकळा झाला नाही, जरा गिच्चच झाला. तूप एक सपाट चमचा. वाटी घेऊन ती पडवीच्या दारापर्यंत आली आणि थांबली. वाटी उंबऱ्यावर टेकवून तिने दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, घट्ट, आवाज होऊ नये अशा.

विश्राम बाकड्यावर बसला होता, तोंड भिंतीकडे. "थांबलंस कित्याक?"

"काय नाय."

"बांगड्यो वर केलंस?"

तिने हात पदराआड घेतले.

"खाली कर. वाजूंदेत. तुझो आवाज नाय इलो तर माका घर कळाचा नाय."

तिने बांगड्या सोडल्या. त्या मनगटावर एकावर एक येऊन किणकिणत बसल्या. तिने पाहिलं, सदऱ्याखाली त्याचं पोट आत गेलंच. इतक्या वर्षांचं ते, एका दिवसात कसं विसरणार.

पण तोंड मात्र त्याने तिच्याकडे वळवलं.